‘सावध राहिलेलं बरं’

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावचा आठवडी बाजार होता. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण त्या बाजारात आले. भिक्षा मागत गावोगाव फिरायचं, गावाबाहेर पालं ठोकायची, पेरणीच्या सुमारास घराकडे वळायचं, असं या समाजाचं पिढ्यान्‌पिढ्यांचं जगणं. त्या दिवसांत मोबाइलवर सगळीकडे एकच मजकूर फिरत होता, की मुलं पळवणारी टोळी आली आहे. बाजारात कुणाला तरी संशय आला. गर्दी जमली, मारहाण सुरू झाली. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि त्याच खोलीत शिरून जमावानं त्यांना ठेचून मारलं.

टोळी नव्हती. मूलही पळवलं गेलं नव्हतं. असल्या द्वेषाला आणि खोट्या माहितीला आवर घालायला युवा संस्थेनं काय करायचं, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एक अजून आठवत असेल. गल्लीत मुलं खेळतायत, मोटरसायकलवरून दोघं येतात आणि एका पोराला उचलून निघून जातात. हा व्हिडिओ मुळात कराचीतल्या एका बालसुरक्षा संस्थेनं पालकांना सावध करायला बनवला होता. शेवटी तेच दोघं परत येतात, मुलाला खाली उतरवतात आणि कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला एक क्षण पुरतो, अशा अर्थाचा फलक धरून दाखवतात. कुणीतरी नेमका तेवढा शेवट कापला. मुलांच्या काळजीनं केलेली गोष्ट काही सेकंदांची कात्री लागून माणसं मारण्याचं कारण झाली. मला या सगळ्या प्रकरणात हे कापलेले सेकंद सगळ्यात जास्त छळतात. त्यात खोटं असं काही घातलेलं नव्हतं, फक्त खरं होतं ते काढून टाकलं होतं.

त्याच महिन्यात आमच्याही गावात हे होता होता राहिलं. आमचं तालुक्याचं गाव, आणि आमच्या गल्लीचं मंडळ. कागदोपत्री नाव युवा प्रतिष्ठान, बोलताना मंडळच. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेव्हा दोनशे चाळीसच्या आसपास माणसं होती. संध्याकाळी सातच्या सुमारास मजकूर आला, ‘एसटी स्टँडच्या मागं दोन बायका पकडल्यात, पोत्यात लेकरू सापडलं.’ पाठोपाठ तीन ऑडिओ क्लिप आल्या, तिन्हीत घाबऱ्या आवाजात बोलणारी अनोळखी माणसं. वीस मिनिटांत ‘निघालो’, ‘काठ्या घ्या’ इथपर्यंत मजल गेली.

आमच्या मंडळाचा खजिनदार तेव्हा बावीस वर्षांचा होता, मेडिकलच्या दुकानात काम करायचा. तो ग्रुपवर काही न लिहिता गाडी काढून थेट स्टँडमागं गेला. तिथून त्यानं स्वतःच्या आवाजात एक क्लिप टाकली. मला ती जवळपास तोंडपाठ आहे. ‘मी इथंच उभा आहे. या बोहारणी आहेत. पोतं उघडून बघितलंय, जुनी लुगडी आणि स्टीलची पातेली आहेत. पोलिसांना फोन केलाय. मावशींना चहा सांगितलाय. कुणीही इकडं येऊ नका.’

ग्रुप गप्प झाला. त्याचा आवाज दोनशे चाळीस जणांच्या ओळखीचा होता म्हणून गप्प झाला. वर्गणी मागायला दारात येणारा, कुणाच्या आजीला रात्री दोन वाजता गोळ्या आणून देणारा तो पोरगा होता. मुंबई-दिल्लीतल्या एखाद्या तथ्यतपासणी संस्थेनं त्याच वेळी ‘हा दावा खोटा आहे’ असं लिहून पाठवलं असतं, तरी काठ्या खाली ठेवल्या गेल्या नसत्या. त्या संस्था मोलाचं काम करतात, त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण गल्लीतली काठी थांबायला गल्लीतला आवाज लागतो.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या कट्ट्यावर आमच्यातलेच एक वयस्कर काका म्हणाले, ‘असेल रे, बोहारणी असतील. पण सावध राहिलेलं बरं.’

या वाक्यावर मी सात-आठ वर्षं विचार करतोय. अफवा द्वेषानं पसरते असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा ती काळजीनं पसरते. नातवंडं असलेला माणूस पुढं पाठवतो, शाळेच्या ग्रुपवर आई पुढं पाठवते. खोटं निघालं तर आपलं काय बिघडलं आणि खरं असलं तर एखादं लेकरू वाचेल, असा त्यांचा साधा हिशेब असतो. हिशेब चुकतो तो एका जागी. खोटं निघालं तर कुणाचंच काही बिघडत नाही, असं त्यांनी धरलेलं असतं. राईनपाड्यात पाच जणांचं बिघडलं. आपल्या सावधपणाची किंमत दुसरं कुणीतरी देतं, आणि ते नेहमी ठरावीक लोकच देतात. पाल ठोकून राहणारा, भाषा वेगळी असलेला, दाढी-टोपीवाला, नाहीतर रोजंदारीसाठी परप्रांतातून आलेला.

आणि जमीन आधीपासून नांगरलेली असते. जेवत नसलेल्या पोराला ‘गोसावी झोळीत घालून नेईल हं’ असं आपल्या किती घरांत म्हटलं गेलंय? मीही हे ऐकत मोठा झालो. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून कित्येक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण कागदावरचा शिक्का पुसला तरी डोक्यातला राहिला. मोबाइलनं नवीन द्वेष तयार केला असं मला वाटत नाही. घरोघरी ताटाशी पेरलेल्या जुन्या भीतीला त्यानं एका रात्रीत शंभर गावांत पोचवलं. म्हणूनच द्वेष आणि खोटी माहिती हे दोन वेगळे विषय मानून त्यांच्यावर दोन वेगळी शिबिरं घेण्यात अर्थ नाही. ज्यांच्याविषयी मनात आधीच अढी असते, त्यांच्याविषयीचंच खोटं पटकन खरं वाटतं.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. युवा संस्थेनं यात काय करायचं? संस्था म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शहरातलं कार्यालय, प्रकल्प अहवाल आणि बॅनर येतात. माझ्या डोळ्यांपुढे गल्लीतलं प्रतिष्ठान येतं. महाराष्ट्रात तरुणांच्या संघटनेचं सगळ्यात पसरलेलं रूप तेच आहे. तरुण मंडळ, मित्रमंडळ, युवा मंच, क्रीडा मंडळ, युवा प्रतिष्ठान. गणपती, शिवजयंती, भीमजयंती, दहीहंडी, रक्तदान, चौकातला फ्लेक्स. या प्रत्येकाचा एक ग्रुप आहे आणि विष त्याच ग्रुपमधून वाहतं. म्हणून त्यावरचा उताराही तिथंच शोधावा लागेल, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

यामागे तांत्रिक कारणही आहे आणि ते फारसं कुणी बोलत नाही. व्हॉट्सॲपवरचा मजकूर पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय कुणाला वाचता येत नाही, कंपनीलाही नाही. एकांताच्या दृष्टीनं ही चांगलीच गोष्ट आहे, ती मोडावी असं मी म्हणणार नाही. पण तिचा अर्थ असा, की आमच्या ग्रुपवर आलेली ‘पोत्यात लेकरू’ ही ओळ पोलिसांना दिसत नाही, पत्रकाराला दिसत नाही, तथ्यतपासणी करणाऱ्यालाही दिसत नाही. ती दिसते फक्त आम्हा दोनशे चाळीस जणांना. मग थांबवणाराही त्या दोनशे चाळिसांतलाच असावा लागतो.

कंपनीनं काहीच केलं नाही असं नाही. 2018 च्या जुलैत वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती आल्या, त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढं पाठवण्याची मर्यादा आणायची घोषणा झाली, आणि 2020 मध्ये फार वेळा पुढं गेलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं झालं. त्यानं वेग कमी झाला. पण कमी वेगानं पोचलेलं खोटंही खोटंच असतं. सर्वोच्च न्यायालयानंही त्याच जुलैच्या 17 तारखेला झुंडबळींबाबत निकाल देऊन प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी नेमायला सांगितलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून केलेल्या हत्येसाठी वेगळं कलम आहे. कायदा हवाच. पण कायदा माणूस मेल्यावर येतो.

शिवाय कायद्याचा दांडा कुणाच्या हातात जातो हे आपण पालघरला पाहिलंय. 2012 च्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद का, असा साधा प्रश्न फेसबुकवर विचारणारी एक मुलगी आणि त्याला ‘लाइक’ करणारी तिची मैत्रीण, दोघींना अटक झाली. पुढं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम 66अ सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये रद्द केलं, त्याच्या मुळाशी हे प्रकरण होतं. सरकारविषयी काय खोटं आणि काय खरं हे सरकारच्याच विभागानं ठरवावं, ही 2023 च्या नियमांतली तरतूदही मुंबई उच्च न्यायालयानं 2024 च्या सप्टेंबरात रद्द केली, आणि माझ्या मते योग्य केलं. सत्याची मक्तेदारी कुणा एका खात्याकडे गेली, तर त्या खात्याच्या खोट्याला ‘खोटं’ म्हणणारा उरत नाही.

म्हणजे कंपनी थोडं करेल, कायदा उशिरा येईल, सरकारच्या हाती सगळं सोपवायचं नाही. राहतं ते ओळखीच्या माणसांनी ओळखीच्या माणसांशी बोलणं. हे ऐकायला भाबडं वाटतं. पण आपल्याच महाराष्ट्रात ते करून पाहिलेलं आहे.

भिवंडीत 1970 आणि 1984 साली भीषण हिंदू-मुस्लिम दंगली झाल्या. 1980 च्या दशकाच्या शेवटी तिथं पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत दोन्ही समाजांतले लोक आणि बीटचा पोलीस नियमित एकत्र बसत. गटार तुंबलं, मोरीवरून भांडण झालं, असले विषय तिथं सोडवले जात. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. याचं मर्म मला एवढंच दिसतं, की दंगलीच्या रात्री ज्याला फोन करायचा त्याचा नंबर गटाराच्या भांडणातच मिळालेला होता. अफवा आली तर विचारायला पलीकडच्या मोहल्ल्यात ओळखीचं कुणीतरी होतं. पुढं मुंबईतही पोलीस अधिकारी जुलिओ रिबेरो आणि सतीश साहनी, कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकारातून मोहल्ला समिती चळवळ उभी राहिली आणि तिनं पोरांचे क्रिकेटचे सामने भरवले. क्रिकेटनं काय होणार, असं विचारणाऱ्यांना मी सांगेन, सामन्यानंतर पोरं एकमेकांचे नंबर घेतात.

आज हे काम तरुणांच्या मंडळांनी करायचं आहे, पण आजच्या पद्धतीनं. आणि इथं माझी आजच्या युवा संस्थांविषयी एक तक्रार आहे. कॉलेजच्या सभागृहात एका दुपारी कार्यशाळा होते. पाहुण्यांना शाल-श्रीफळ, विद्यार्थ्यांना प्रमाणपत्र, ‘फेक न्यूज ओळखा’ अशा पंचवीस स्लाइड्स, आणि चारला सगळे घरी. हेतू चांगला असतो. पण त्यानं काय साधतं याचं उत्तर आपल्याच देशातून मिळालंय. बिहारमध्ये 2019 च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी सुमित्रा बद्रिनाथन या संशोधक बाईंनी घरोघरी जाऊन सुमारे तासाभराचं प्रशिक्षण देऊन पाहिलं. खोटी बातमी ओळखण्याची लोकांची क्षमता त्यानं सरसकट वाढली नाही, आणि एका पक्षाच्या समर्थकांत तर त्या पक्षाच्या सोयीच्या बातम्यांबाबत उलटा परिणाम दिसला. त्याच बद्रिनाथन यांनी पुढं सहकाऱ्यांसोबत बिहारमध्येच दुसरा प्रयोग केला. 583 गावं, तेरा हजारांवर शाळकरी मुलं, गावातल्या ग्रंथालयात काही आठवड्यांच्या अंतरानं घेतलेले चार वर्ग. या वेळी फरक पडला. महिने उलटले तरी तो टिकला आणि मुलांकडून तो घरच्या मोठ्यांपर्यंतही झिरपला.

एकदा सांगून सोडणं वेगळं आणि पुन्हा पुन्हा येत राहणं वेगळं. आपल्या आयांना हे संशोधनाशिवायच ठाऊक असतं. शेंगदाणे भाजताना खालीवर करत राहिलो नाही तर वरचे कच्चे आणि खालचे करपतात. युवा प्रतिष्ठान हे गावात पुन्हा पुन्हा भेटणारं ठिकाण आहे, बारा महिने चालणारं. कार्यशाळावाल्या संस्थेकडे हेच नसतं. म्हणून ज्यांच्याकडे पैसा आणि अभ्यासाचं साहित्य आहे अशा मोठ्या युवा संस्थांनी स्वतः मंचावर येण्याऐवजी अशा स्थानिक मंडळांच्या मागं उभं राहावं. छोटी रक्कम द्यावी, पण ती दोन-तीन वर्षं चालू ठेवावी.

युरोपात असं एक उदाहरण आहे. 22 जुलै 2011 रोजी नॉर्वेत एका माथेफिरूनं ओस्लोत बॉम्ब उडवला आणि मग उटोया बेटावर तरुणांच्या राजकीय शिबिरावर गोळीबार केला. एकूण 77 जण गेले, त्यातले 69 त्या बेटावर. त्याचा द्वेष इंटरनेटवर पोसला गेलेला होता. त्यानंतर युरोप परिषद या मानवी हक्कांसाठीच्या युरोपीय देशांच्या संघटनेच्या युवा सल्लागार मंडळातल्या तरुणांनीच कल्पना मांडली आणि 2013 मध्ये द्वेषमूलक बोलण्याविरुद्धची मोहीम सुरू झाली, ती पुढची काही वर्षं चाळीसहून अधिक देशांत चालली. युरोप परिषदेचं एक युवा प्रतिष्ठानही आहे, 1972 पासूनचं, ते छोट्या स्थानिक युवा गटांना पैसे देतं. मला त्यांची एक रीत फार आवडते. पैसे कुणाला द्यायचे हे ठरवणाऱ्या समितीत सरकारांचे प्रतिनिधी जितके, तितकेच तरुणांचे प्रतिनिधी असतात. आमच्याकडे जिल्ह्याची युवा धोरणाची बैठक भरते तेव्हा तरुण खुर्च्या लावायला असतात.

पण युरोपची पुस्तिका भाषांतर करून राईनपाड्याला नेली तर तिचा उपयोग होणार नाही. तिथं भांडण उघड्या समाजमाध्यमावर अनोळखी माणसाशी असतं. आपल्याकडे ते कुटुंबाच्या ग्रुपवर काकांशी असतं. आणि काकांना चारचौघांत ‘हे खोटं आहे’ म्हणणं म्हणजे काय, हे मराठी घरात वाढलेल्या कुणालाही सांगायला नको. पोरगं बोललं तर ‘चार बुकं शिकला म्हणून मोठ्यांना शिकवतो’, आणि नाही बोललं तर व्हिडिओ आणखी सहा ग्रुपांत जातो.

आमच्या खजिनदारानं यावर स्वतःपुरती एक रीत बसवली. ग्रुपवर कुणाला खोडायचं नाही. आधी फोन करायचा. ‘काका, तब्येत काय म्हणतेय? तो मघाचा व्हिडिओ पाठवलात ना, तो कराचीचा आहे. शेवटचा भाग कापलाय. मी पूर्ण पाठवतो, तुम्हीच ग्रुपवर टाका ना.’ शेवटच्या वाक्यात सगळं आहे. चूक दुरुस्त करायचा मान काकांनाच मिळतो. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी 2021 मध्ये ट्विटरवर करून पाहिलेल्या प्रयोगातही असंच दिसलं, की द्वेषाचं लिहिणाऱ्याला चेष्टेनं किंवा धाक दाखवून उत्तर दिलं तर खात्रीनं काही होत नाही. ज्याच्याविषयी लिहिलं त्याला कसं वाटेल हे सांगितलं, तर थोडा का होईना फरक पडतो. फरक थोडा आहे हेही खरंच, मी फुगवून सांगत नाही.

आता यावरचा सगळ्यात मोठा आक्षेप. मंडळंच तर द्वेष पसरवतात, त्यांच्याकडेच किल्ली देता? आक्षेप खरा आहे. पुण्यात हडपसरला 2 जून 2014 रोजी मूळचा सोलापूरचा, आयटी कंपनीत काम करणारा एक तरुण नमाजाहून परतताना मारला गेला. कारण काय, तर महापुरुषांची विटंबना करणारा मजकूर फेसबुकवर आला होता. त्या मजकुराशी त्या तरुणाचा काडीचाही संबंध नव्हता. खटल्यातले आरोपी 2023 मध्ये पुराव्याअभावी सुटले. त्या जमावात तरुणच होते. कोल्हापुरात 2023 च्या जूनमध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून शहर बंद पडलं, तेव्हाही रस्त्यावर विशी-पंचविशीतली पोरं होती. भावना दुखावल्या की बहुतेक वेळा तरुणच धावतात, आणि त्यांना धावायला सांगणारे घरी बसलेले असतात.

हे सगळं मान्य करूनच माझं म्हणणं आहे, की म्हणूनच मंडळांशी बोलायला हवं. चांगल्या विचारांच्या लोकांनी चांगल्या विचारांच्या लोकांची संस्था काढून एकमेकांना पटवण्यात आपण पुष्कळ वर्षं घालवली. जिथं मजकूर पेटतो तिथला ग्रुप आपला नाही म्हणून आपण तिकडे फिरकत नाही. पण मंडळाला हे काम देताना काही कुंपणं पक्की हवीत, नाहीतर औषधाचंच विष होईल.

पहिलं कुंपण हे, की दुसऱ्याच्या मोबाइलला हात लावायचा नाही. अलीकडे स्टेटस तपासत फिरणं, कुणाला घरातून बाहेर काढून कान धरायला लावून माफीचा व्हिडिओ काढणं, असले प्रकार ‘जागरूकते’च्या नावाखाली झालेत. ते द्वेषाचंच काम आहे. मंडळानं फक्त आपला ग्रुप बघायचा. आपल्या ग्रुपवर आपल्याच माणसानं दुसऱ्या समाजाविषयी खोटं टाकलं तर आपण बोलायचं. दुसऱ्यानं आपल्याविषयी टाकलं तर पोलिसांत तक्रार द्यायची आणि त्यांच्या मंडळातल्या ओळखीच्या पोराला फोन करायचा. आधी स्वतःच्या अंगणातला केर काढायचा हा नियम पाळला नाही, तर ही मोहीम दोन महिन्यांत एका समाजाविरुद्ध उभी राहील.

दुसरं, ॲडमिन. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये स्पष्ट केलंय, की ग्रुपवर कुणी काही टाकलं म्हणून केवळ ॲडमिन असल्यामुळे कुणी गुन्हेगार ठरत नाही. हा निकाल पोरांना समजावून सांगायला हवा, कारण भीतीपोटी चांगली पोरं ॲडमिनपद सोडतात आणि ते भलत्याच माणसाकडे जातं. कायद्यानं जबाबदारी नसली तरी त्याच्या हाती एक कळ असते. गावात ताण असेल त्या रात्री ग्रुप ‘फक्त ॲडमिन’वर टाकता येतो. पोलीस ठाण्यातल्या शांतता समितीच्या बैठकीला मंडळाचे अध्यक्ष जातात, माझं म्हणणं आहे की ॲडमिनही जावा.

तिसरी गोष्ट माझ्या मनाला जास्त लागते. आपण पोरांना जमावासमोर उभं राहायला सांगतोय का? 1 जुलै 1946 ला अहमदाबादेत रथयात्रेच्या दिवशी दंगल उसळली, तेव्हा मराठी घरातले वसंतराव हेगिष्टे आणि त्यांचे मित्र रजबअली लाखाणी हे काँग्रेस सेवादलाचे दोघे कार्यकर्ते जमावाला अडवायला गेले आणि दोघंही मारले गेले. तिथं त्यांचं स्मारक आहे. मी त्यांच्यापुढे नतमस्तक आहे, पण बावीस वर्षांच्या खजिनदाराकडून मला हुतात्मा नको आहे. स्टँडमागं तो एकटा गेला, हे आज आठवलं तरी माझ्या पोटात गोळा येतो. पाठीशी संस्था असती तर चौघं गेले असते, ठाण्याला आधी कळलं असतं, आणि नंतर ग्रुपवर ‘त्यांचा दलाल’ असं त्याला म्हणणाऱ्यांशी त्याला एकट्याला झुंजावं लागलं नसतं. हो, तेही झालं. दोन महिने झालं. युवा संस्थेचं पहिलं काम मला विचाराल तर हेच आहे. खरं बोलणाऱ्या पोराला एकटं पडू न देणं, गरज पडली तर वकील देणं, तक्रार लिहायला सोबत बसणं, आणि तो थकला की दुसऱ्यानं जागा घेणं.

आणि शेवटचं, जे मी इतकी वर्षं मंडळात असून मलाही उशिरा दिसलं. या ग्रुपांवर येणाऱ्या निम्म्या विषारी मजकुरात ‘आपल्या मुलीं’चा उल्लेख असतो. आपल्या मुलींना अमुक फसवतात, आपल्या मुलींना पळवतात, आपल्या मुली सांभाळा. आता कुठल्याही मुलीचा चेहरा आणि आवाज लावून यंत्राकडून हवा तो व्हिडिओ बनवता येतो, त्यामुळे हे वाढतच जाणार. मी एकदा बसून आमच्या ग्रुपची यादी पाहिली. त्यात एकही मुलगी नव्हती. मंडळाच्या कार्यकारिणीत नाही, वर्गणीच्या पावतीपुस्तकावर नाही, ग्रुपवर नाही. गल्लीत पदवीधर मुली तेरा आहेत, त्यांतली एक वकिलीचं शिकतेय आणि दोघी बँकेत आहेत. ज्यांच्या नावानं काठ्या निघतात, त्यांना ‘बाई, हे खरं आहे का?’ असं विचारायची सोयच आम्ही ठेवलेली नाही. आषाढात गणपतीच्या वर्गणीची पहिली बैठक होते. त्या बैठकीला या तेराही जणींना बोलवायचं आणि ग्रुपच्या तीन ॲडमिनपैकी दोन मुली करायच्या, असा विषय या वर्षी मी लेखी दिला आहे. काका आधी नाही म्हणाले. मग म्हणाले, ‘बघू, सावध राहिलेलं बरं.’ मी त्यांच्याकडे परत जाणार आहे.